तीन पंपांवरचा प्रबंध

लेक इतिहासात एम.ए. झाली, तेव्हा आईने ते मोठ्या मनाने घेतलं. कुणाच्या मुलीला दमा असतो, कुणाच्या मुलीला इतिहास असतो. आपल्या वाट्याला जे येईल ते सांभाळायचं. पण पुढे लेकीने जाहीर केलं की ती पीएच.डी. करणार आहे आणि विषय आहे आंतरराष्ट्रीय विकासाचा इतिहास, तेव्हा मात्र आईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

"विकास म्हणजे पुढे जायचं ना?" ती म्हणाली. "मग त्याचा इतिहास कशाला? झाला असेल तर दिसेलच की."

"तेच तर शोधायचंय, आई. झाला का, कुणाचा झाला, आणि झाला असं कुणी सांगितलं."

"आणि हे शोधून झालं की नोकरी?"

"अगं, आधी शोधू तर दे."

आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. तिने स्वतः रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, तीही ठरलेल्या वेळात आणि कुणाला न छळता. सकाळी माणसाचा दंड बांधायचा, शीर चाचपायची, सुई घालायची. संध्याकाळी त्याच्या हातात रिपोर्ट. साखर वाढली आहे की नाही, यावर कुणी परिसंवाद भरवत नाही. अशा बाईच्या पोटी ही मुलगी यावी, आणि तिने असा अभ्यास निवडावा की ज्याचा नमुना घेऊन वर्षं लोटली तरी रिपोर्ट येत नाही, याला नशिबाचा विनोद म्हणायचं, दुसरं काय.

शिवाय अभ्यास सुरू झाला तो भलत्याच दिशेने. पहिल्या वर्षी परदेशी तज्ज्ञ विमानातून उतरले तिथून तो सुरू होत होता. दुसऱ्या वर्षी लेक म्हणाली, ते का उतरले हे कळायला आधीचं युद्ध वाचायला हवं. तिसऱ्या वर्षी युद्धाच्याही आधीचा व्यापार निघाला. बाबा विमा कंपनीत दावे तपासायचे आणि मुलीवर त्यांचा आंधळा विश्वास होता. ते तिला पदवी मिळायच्या आधीपासूनच डॉक्टर म्हणायचे.

"काय डॉक्टर, काम सरकतंय ना?"

"मागे सरकतंय बाबा, पण चांगलं सरकतंय."

"छान, छान," बाबा म्हणायचे आणि पेपर उघडायचे. आईला वाटायचं, हा माणूस दिवसभर लोकांच्या जळालेल्या दुकानांवर संशय घेतो, घरी आल्यावर याची सगळी शंका कुठे जाते?

नणंदेचा फोन महिन्यातून एकदा तरी यायचाच.

"काय गं, झालं का तुझ्या लेकीचं?"

"कशाचं?"

"सगळ्याचंच."

आई म्हणायची, होत आलंय. नणंद म्हणायची, हो का, आमच्या सुनेचं तर एवढ्यात दुसरं बाळ चालायला लागलं. मग दोघी थोडा वेळ एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या आणि फोन ठेवायच्या.

खरं म्हणजे या वेळी होतच आलं होतं. पाचवं वर्ष संपत होतं आणि नोंदणीची मुदतही. प्रबंधाची आठ प्रकरणं टाइप होऊन पडली होती. त्याच शहरातल्या एका कॉलेजात इतिहासाची एक जागा निघाली होती आणि तिथल्या प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं, पदवी हातात घेऊन या, जागा तुमचीच. राहिली होती फक्त मार्गदर्शक सरांची सही. त्या एका सहीकडे आई आता असं बघायची, जसं लोक तिच्या हातातल्या रिपोर्टाच्या लिफाफ्याकडे बघतात.

सर मोठे होते. कसे मोठे, ते समजण्यासारखं होतं. शहराच्या कडेला एक वस्ती होती. तिथे वेगवेगळ्या दशकांत तीन परदेशी संस्थांनी तीन हातपंप बसवले होते: निळा, हिरवा आणि पिवळा. सरांनी तरुणपणी त्यावर एक निबंध लिहिला. निळा पंप फसला, कारण तो वरून लादलेला होता. हिरवा फसला, कारण यंत्र परकं होतं. पिवळा यशस्वी झाला, कारण त्यात लोकसहभाग होता. एका वस्तीतल्या तीन पंपांत विकासाचा सगळा इतिहास सापडला, असं जगभरच्या विद्वानांनी म्हटलं. पुढची तीस वर्षं सर त्या पंपांच्या पाण्यावर परिषदा करत फिरले. तिन्ही संस्थांचे कागद पाहायला ते तीन देशांच्या राजधान्यांत जाऊन राहून आले. वस्तीत तेवढं जायचं राहून गेलं होतं.

लेकीचा प्रबंध म्हणजे त्याच तीन पंपांचा सविस्तर अभ्यास. सरांची शिस्त अशी की सगळे कागद वाचून झाल्याशिवाय जागेवर जायचं नाही. कोऱ्या डोळ्यांना काहीही दिसतं. त्यामुळे लेकीने पाच वर्षं फायली वाचल्या. कोणता नट कुठल्या देशातून आला, रंगाचे किती डबे लागले, उद्घाटनाला कोण शिंकलं, सगळं तिला पाठ होतं. शेवटी मुखपृष्ठामागे लावायला तीन फोटो हवे होते, म्हणून ती एकदाची निघाली.

"उन्हाची एकटी कशाला जातेस?" म्हणत आईने लॅबमध्ये रजा टाकली आणि बरोबर गेली. तिला पंपांत काडीचा रस नव्हता. लेक शेवटच्या टप्प्यावर उन्हाने आजारी पडू नये, एवढाच तिचा विकासात वाटा.

बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली. लेकीकडे तिन्ही पंपांचे पत्ते होते, फायलींतून जसेच्या तसे उतरवलेले. निळा: शाळेच्या मागे. हिरवा: दवाखान्याच्या समोर. पिवळा: चुन्याच्या जुन्या भट्टीच्या बाजूला.

शाळा लगेच सापडली. मागे गेल्यावर पंपही सापडला. एक बाई त्यावर कॅन भरत होती.

"हा तर पिवळा आहे," लेक म्हणाली.

"रंगवला असेल नंतर. काढ फोटो आणि चल."

फोटो निघाला. बाईने केस नीट करून बाजूला उभं राहून घेतलं, मग फोटोत आपण नाही हे कळल्यावर परत पंप मारायला लागली. दोघी दवाखाना शोधायला निघाल्या. टायरवाल्याने एक गल्ली दाखवली, गल्लीने दुसरी गल्ली दाखवली, मध्ये एका भिंतीला वळसा पडला, आईच्या चपलेचा अंगठा निघाला. शेवटी दवाखान्याची पाटी दिसली. पाटीसमोर मोकळी जागा होती, जागेत पंप होता आणि पंपावर तीच बाई.

"तुम्ही इकडेपण पाणी भरता का?" आईने विचारलं.

बाईने तिच्याकडे पाहिलं. उपाशीपोटी या म्हणून बजावलेला माणूस जेव्हा चहा पिऊन येतो, तेव्हा आई त्याच्याकडे अशीच बघायची.

"मी आहे तिथेच आहे," बाई म्हणाली. "तुम्हीच फिरताय."

आईने मान वळवली. भिंतीपलीकडे शाळेची पाठ दिसत होती.

लेकीने पत्त्यांचा कागद पुन्हा उघडला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, इथे चुन्याची जुनी भट्टी कुठे होती?"

बाईने हनुवटीने दाखवलं. पंपापासून चार पावलांवर मातीचा एक ढिगारा होता, त्यावर शेळी उभी होती.

लेक खाली वाकली. दांड्याच्या खालच्या टोकाला, जिथे वर्षानुवर्षं हात घासले होते, तिथे रंगाचे पापुद्रे एकाखाली एक उघडे पडले होते. वर पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली निळा. पंपाच्या अंगावर पत्र्याची एक पाटी होती, पिवळ्या संस्थेची. ओट्याच्या सिमेंटात बुजलेली दुसरी होती, निळ्या संस्थेची. तिची अर्धी अक्षरं शेवाळाने खाल्ली होती.

"तिसरी ही काय," बाईने पायाखालच्या दगडाकडे बोट केलं. "मी कपडे धुते हिच्यावर. अक्षरं वर ठेवली की बटणं तुटतात, म्हणून उलटी टाकलीय."

तिघींनी मिळून दगड उलटा केला. हिरवी संस्था सुवाच्य अक्षरांत बाहेर आली, तारखेसकट.

"म्हणजे पंप एकच?" लेक म्हणाली.

"मग किती असणार? आमच्या सासूबाई सांगायच्या, तीन वेळा साहेब आले, तीन वेळा फीत कापली. रंग दिला की पंप नवा."

"मग कुणी त्यांना सांगितलं कसं नाही, की पंप आधीच आहे?"

"ते विचारायचे, पंप हवा का? लोक म्हणायचे, हवा. हवाच होता तो. नको कोण म्हणेल?"

"आणि शेवटच्या वेळी लोकसहभाग होता का?" लेकीने विचारलं. तिचा आवाज आता परीक्षेत पहिला प्रश्न न आलेल्या मुलीसारखा झाला होता.

"म्हणजे?"

"म्हणजे, तुम्ही लोकांनी काम केलं का?"

"हो, त्या वेळी मी होते ना. रंग आम्हालाच द्यायला लावला." बाईने कॅन उचलला आणि लेकीच्या पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही कोणता आणलाय? लाल द्या या वेळी. पिवळा फार मळतो."

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीतून बाहेर बघत बसली होती आणि आई तिच्याकडे. आईच्या लॅबमध्ये कुणी एकाच माणसाचं रक्त तीन नळ्यांत भरून तीन रोगी म्हणून रिपोर्ट दिला असता, आणि वर त्या तिघांची तुलना केली असती, तर आईने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. पण ही लॅब नव्हती. ही लेकीची पदवी होती, लेकीची जागा होती, आणि सरांची सही अजून व्हायची होती. तिने घसा साफ केला.

"कुणी पाहिलं नाहीये अजून."

लेकीने खिडकीची काच थोडी सरकवली.

"मी काय म्हणते, आधी सही घे. पदवी घे. कॉलेजात रुजू हो. मग एखादा लेख लिही की, पंप एक होता म्हणून. तेव्हा किती कौतुक होईल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय, पंप थोडाच बोलणार आहे?"

लेकीने फोनमधला फोटो पुढे केला. त्यात पंप होता, पलीकडे शाळा होती, अलीकडे दवाखान्याची सावली होती आणि कडेला शेळीसुद्धा होती. इतका भरगच्च पुरावा आईला आयुष्यात कुठल्याही रिपोर्टात मिळाला नव्हता. तिने फोन परत केला आणि चपलेच्या अंगठ्यात पिन अडकवायला घेतली.

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी जेवता जेवता शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बाकीचे दोन कुठे गेले?"

"नव्हतेच, बाबा."

"म्हणजे जे नव्हते ते शोधायला पाच वर्षं लागली." त्यांनी थोडा विचार केला. "बरं झालं, दहा नव्हते."

"तुम्ही हसा," आई म्हणाली. "तुमचं काय जातंय."

"अगं, मी रोज हेच बघतो. एकाच जळालेल्या गोदामाचे तीन दावे येतात. आमच्याकडे अशा माणसाला पोलीस नेतात. त्यांच्याकडे बहुतेक परिषदेला नेतात."

दोन दिवसांनी लेक सरांकडे गेली. आई रजेवर रजा काढून तिच्याबरोबर विद्यापीठात गेली आणि सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. लेकीला धीर द्यायला, असं तिने बाबांना सांगितलं होतं. खरी आशा अशी की आपण दारात बसलो तर मुलगी जरा जपून बोलेल. दार अर्धवट उघडं होतं. आत लेकीने फोटो दाखवले. मग सरांचा आवाज आला, मऊ, घड्या पडलेला.

"कागदपत्रं काय म्हणतात?"

"तीन, सर."

"आणि तू?"

"एक."

"मग तू इतिहासकार आहेस की पंप मोजणारी?"

बाहेर आईला वाटलं, झालं, आता रडेल. रडावं, म्हणजे सर विरघळतील आणि सही होईल. पण लेक रडली नाही.

"सर, तिन्ही पाट्या त्याच पंपाजवळ आहेत."

"दोन पंप नंतर नाहीसे झाले असतील. पाट्या एका जागी आणल्या असतील."

"कुणी आणल्या, सर?"

सरांची खुर्ची करकरली. "लोकसहभागातून," ते म्हणाले.

बाकावर बसलेल्या आईने कपाळाला हात लावला. तिने आयुष्यात पुष्कळ कारणं ऐकली होती. रिपोर्टात साखर जास्त आली की लोक म्हणायचे, मशीन बिघडलं असेल, नळी बदलली असेल, बाजूच्या माणसाचं रक्त उडालं असेल. पण त्यांतल्या कुणीही या माणसाच्या जवळपास पोचलं नव्हतं.

"हे बघ," सर आत म्हणत होते, "तू हुशार आहेस. एक तळटीप टाक. प्रत्यक्ष पाहणीत काही अडचणी आल्या, असं लिही. मी सही करतो, आणि विषय संपवू."

तळटीप. आईचा जीव भांड्यात पडला. केवढासा तो आकार, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, कुणी वाचतही नसेल. देवमाणूस म्हणायचा. लेक बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्रबंधाची पिशवी तशीच होती आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दोघी कँटीनमध्ये जाऊन बसल्या.

"तळटीप म्हणजे काही कमी नाही हं," आई म्हणाली.

"तू ऐकत होतीस?"

"दार उघडं होतं. मी काय कानात बोळे घालून बसू?"

"आई, प्रकरणाचं नाव आहे 'तीन पंप: एक तुलना'. आणि खाली तळटीपेत लिहू, की तुलना करायला दुसरा पंप मिळाला नाही?"

आईला हसू आलं, पण तिने ते चहात बुडवलं. "लिही की. कोण वाचतंय?"

लेकीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"लॅबचं नाव काढू नकोस," आई म्हणाली.

"मी काही बोललेच नाही."

"बोलणार होतीस. तिथे माणसं औषधं घेतात त्या रिपोर्टावर. चूक झाली तर जीव जाईल. तुझ्या पंपाने कुणाचा जीव जाणार आहे?"

"पुढच्या वस्तीत पंप बसवायला सरांचा निबंध वाचून लोक येतात, आई. लोकसहभाग म्हणून कुणाच्या तरी हातात ब्रश देतात आणि जातात. तिथे पाणी आहे की नाही, हे कुणी बघत नाही. मी तेच लिहून त्याच्यावर डॉक्टर लावून घेऊ?"

हे वाक्य आईला मुळीच आवडलं नाही. ते खरं होतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, वाढवलं आपणच हिला. लहानपणी हिने शाळेच्या प्रयोगवहीत आकडा जुळवून लिहिला होता, तेव्हा ते पान फाडून पुन्हा प्रयोग करायला लावणारी बाई कोण होती? आपणच. त्या वेळी एक चापट देऊन सोडून दिलं असतं, तर आज सही मिळाली असती. आईबाप मुलांवर संस्कार करतात, पण पुढे त्यांचा त्रास कुणाला होईल याचा जरासुद्धा विचार करत नाहीत.

लेकीने सरांना कळवलं की तळटीप टाकणार नाही, प्रकरण बदलणार. सरांनी कळवलं की मग मार्गदर्शकही बदला. इतकी चोख देवाणघेवाण त्या विभागात कित्येक वर्षांत झाली नव्हती. कॉलेजातली जागा सरांच्याच दुसऱ्या विद्यार्थ्याला गेली. त्याच्या प्रबंधात पाच पंप होते आणि पाचही यशस्वी. विभागातल्या एका मॅडम लेकीला घ्यायला तयार झाल्या. त्यांची ख्याती अशी की त्यांना कुणाचंच पटत नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी जात नाही. त्यांनी पाट्यांचे फोटो भिंग लावून पाहिले आणि म्हणाल्या, "हे चांगलं आहे. आता बाकीचं सगळं फेकून दे." लेक घरी येऊन हे असं सांगत होती, जसं काही तिला बक्षीस मिळालं आहे.

म्हणजे पुन्हा नोंदणी, पुन्हा वर्षं, आणि पंपावरच्या त्या बाईकडे पुन्हा फेऱ्या. आईने मनातल्या मनात लेकीचं वय मोजलं, मग पुन्हा मोजलं, आणि दोन्ही वेळा तेवढंच आलं.

मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज विभागाच्या कार्यालयात द्यायचा होता. आई याही वेळी बरोबर गेली. खिडकीमागचे कारकून अर्ज वरून खाली वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले.

"बदलाचं कारण म्हणून हे काय लिहिलंय?"

"पंप एकच आहे," लेक म्हणाली.

"असं कारण बसत नाही. वैयक्तिक अडचण लिहा. सगळे तेच लिहितात."

"पण माझी वैयक्तिक अडचण नाहीये."

"अहो ताई, असते का कुणाची? लिहायचं असतं. नाहीतर हे वर विभागप्रमुखांकडे जाईल, ते सरांना विचारतील, सर रागावतील, तुमचाच कागद अडकेल." कारकुनांनी आईकडे आशेने पाहिलं, कारण ती वयाने मोठी आणि शहाणी दिसत होती. "तुम्ही तरी समजवा."

आईने अर्ज उचलला. सांगायचं पुष्कळ होतं. खोड आणि वैयक्तिक लिही, एवढ्याशा शब्दांसाठी आणखी एक वैरी कशाला, हे तिच्या ओठांवर होतं. तिने ती ओळ वाचली. लेकीचं अक्षर नेहमीसारखं घाईचं, डावीकडे झुकलेलं, पण तीन शब्द अगदी नीट लागत होते. पाच वर्षांत लेकीने लिहिलेल्या सगळ्या पानांत आईला पूर्ण समजलेलं हे पहिलं वाक्य होतं.

"राहू द्या तसंच," तिने अर्ज परत सरकवला. "विभागप्रमुख कुठे बसतात?"

"दुसरा मजला. पण आज भेटतील असं नाही."

"थांबू," आई म्हणाली, आणि लेकीच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन जिन्याकडे निघाली. पहिल्याच पायरीवर तिचा गुडघा दुखला. लेक मागून म्हणाली, "आई, लिफ्ट आहे." आई म्हणाली, "मग आधी सांगायचं," आणि दोघी लिफ्टसमोर उभ्या राहिल्या. लिफ्ट बराच वेळ कुठल्यातरी वरच्या मजल्यावर अडकून होती.